टिकाऊ फावडे म्हणजे जड फावडे नव्हे

बर्फ उपसण्याचे फावडे कोणते घ्यावे, या प्रश्नाशी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. सोलापूरच्या किंवा चिपळूणच्या माणसाच्या दारात बर्फाचा ढीग पडत नाही, हे खरेच आहे. पण बफेलो, टोरांटो, शिकागो अशा शहरांत आज कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात जी खरेदी करावी लागते, तीत कोट आणि बूट यांच्या पाठोपाठ फावड्याचा क्रमांक लागतो. दुकानात गेल्यावर माणूस बहुधा तोच प्रश्न विचारतो, जो आपण कुदळ किंवा बादली घेताना विचारतो: "यातले मजबूत कोणते?" आणि सर्वांत जाड, सर्वांत जड पोलादी फावडे खांद्यावर टाकून घरी येतो.

माझ्या मते इथे प्रश्नच नीट विचारलेला नाही. मजबूत आणि टिकाऊ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वर्गातसुद्धा पदार्थांचे गुणधर्म शिकताना कोणता धातू किती बळकट याचे कोष्टक पाठ होते आणि तिथेच धडा संपतो. पण अवजार एकटे कधीच काम करीत नाही. फावडे, ते धरणारा माणूस आणि समोरचा बर्फ हे तिघे मिळून काम करतात, आणि टिकायचे ते या तिघांपैकी पहिल्या दोघांना. फावडे शाबूत राहिले आणि माणसाची कंबर मोडली, तर त्या फावड्याला टिकाऊ म्हणण्यात अर्थ नाही.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू. आपल्या फावड्याचे पाते दांड्याला जवळजवळ काटकोनात वळलेले असते, आणि माती आपल्याकडे ओढायची असते. बर्फाच्या फावड्याचे पाते दांड्याच्याच दिशेने पुढे गेलेले असते. स्वयंपाकघरातले उलथणे दीड मीटर लांब केले आणि त्याला परातीएवढे पाते बसवले, तर जे दिसेल ते. दुसरे म्हणजे, आकाशातून पिसांसारखे पडते ते हिम आणि कडक, काचेसारखा असतो तो बर्फ. बोलताना आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. फावडे निवडताना मात्र हा फरक विसरून चालत नाही.

बफेलो शहराचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातले हे शहर ईअरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. हिवाळ्याच्या तोंडी सरोवराचे पाणी हवेच्या मानाने बरेच उबदार असते. पश्चिमेकडून येणारा थंड, कोरडा वारा त्या पाण्यावरून लांबवर वाहतो, वाटेत वाफ उचलतो आणि किनारा लागताच ती हिमाच्या रूपाने टाकून देतो. नोव्हेंबर २०२२ मधल्या एका वादळात बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्क या गावात सुमारे २०० सें.मी. हिम पडले. उंच माणूस उभा बुडेल एवढे! घरासमोरची पायवाट मोकळी करण्याची जबाबदारी तिथे घरमालकावर असते. त्यामुळे फावडे ही तिथे हौसेची वस्तू नाही, आपल्याकडच्या छत्रीइतकीच गरजेची आहे. वादळ चालू असतानाच, बर्फ हटवण्याच्या श्रमाने हृदयविकाराचा झटका येऊन दोन माणसे दगावल्याचे ईअरी परगण्याच्या प्रशासनाने जाहीर केले होते.

हिम किती जड असते? या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. कडाक्याच्या थंडीत पडलेले ताजे, कोरडे हिम म्हणजे निम्म्याहून अधिक हवाच. त्याच्या एका घनमीटरचे वजन ५० ते १०० कि.ग्रॅ. भरते. तापमान शून्याच्या आसपास असताना पडलेले ओले हिम, किंवा दोन दिवस दबून बसलेले हिम, घनमीटरला २०० ते ३०० कि.ग्रॅ. पर्यंत जाते. पक्का बर्फ ९१७ कि.ग्रॅ. चा. डोळ्यांना मात्र तिन्ही पांढरेच दिसतात.

आता एक हिशेब करू. फाटकापासून गॅरेजपर्यंत १० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद वाट आहे, आणि तिच्यावर २० सें.मी. हिम साचले आहे असे समजा. एकूण हिम ६ घनमीटर. ते कोरडे असेल, म्हणजे घनमीटरला १०० कि.ग्रॅ. धरले, तर ६०० कि.ग्रॅ. ओले असेल तर १,८०० कि.ग्रॅ., म्हणजे एका मोठ्या मोटारगाडीचे वजन! आणि हे सारे कचेरीला जाण्यापूर्वी, चहाच्या आधी.

एका खेपेला ३ कि.ग्रॅ. हिम उचलले, तर कोरड्या हिमाच्या दिवशीसुद्धा २०० खेपा होतात. प्रत्येक खेपेला हिमाबरोबर फावडेही उचलावे लागते, हे दुकानात कोणाच्या ध्यानात येत नाही. हलके फावडे साधारण दीड किलोचे असते, जाड पोलादी फावडे अडीच ते तीन किलोंचे. मजबुतीच्या नावाखाली घेतलेला तो जादा एक किलो त्या सकाळी दोनशे वेळा वर-खाली होतो. म्हणजे २०० कि.ग्रॅ. ओझे, धान्याची पन्नास-पन्नास किलोंची चार पोती, आणि तीही फुकट! त्या चार पोत्यांनी वाटेवरचे एक चमचाभर हिमही कमी होत नाही.

भौतिकीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. ३ कि.ग्रॅ. हिम १ मीटर वर उचलण्यास सुमारे ३० ज्यूल कार्य लागते. पण ते उचलण्यासाठी माणूस वाकतो आणि पुन्हा उठतो. डोके, हात व धड मिळून ४५ कि.ग्रॅ. धरले आणि त्यांचा गुरुत्वमध्य ३० सें.मी. वर आला असे मानले, तर त्यालाच सुमारे १३० ज्यूल लागतात. म्हणजे हिम उचलण्याच्या चौपटीहून अधिक कार्य माणूस स्वतःला उचलण्यात खर्च करतो! ज्या फावड्यामुळे कमी वाकावे लागते ते फावडे यासाठीच चांगले. दांडा पुरेसा लांब हवा; फावडे जमिनीवर उभे धरले की मूठ साधारण छातीपर्यंत यावी. काही फावड्यांचा दांडा मधे वाकवलेला असतो. पाहायला तो विचित्र दिसतो आणि जुनी माणसे त्याला हसतात, पण त्यामागे हाच विचार आहे.

हातांवर किती बल येते तेही काढून पाहा. तरफेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. मागचा हात मुठीवर आणि पुढचा हात दांड्याच्या मध्याजवळ असतो. पुढचा हात हा टेकू. पात्यातले हिम आणि पाते मिळून ६ कि.ग्रॅ. भार टेकूपासून ५० सें.मी. पुढे आहे, आणि मागचा हात टेकूपासून ६० सें.मी. मागे आहे असे समजा. तोल राखण्यासाठी मागच्या हाताला ६ × ५० ÷ ६० म्हणजे ५ कि.ग्रॅ. भाराइतके बल खाली लावावे लागेल. मग पुढच्या हातावर किती आले? ६ अधिक ५, म्हणजे ११ कि.ग्रॅ.! उचलायचे सहा आणि हाताला लागतात अकरा. तोच पुढचा हात २० सें.मी. पुढे सरकवा. आता भार ३० सें.मी. वर आणि मागचा हात ८० सें.मी. वर आला. मागे सव्वादोन, पुढे सव्वाआठ. फावडे तेच, हिम तेच, फक्त हात वीतभर सरकला. पाठीच्या स्नायूंची स्थिती याहून बिकट असते. ६ कि.ग्रॅ. भार कण्यापासून ८० सें.मी. पुढे असेल, तर कण्यामागे जेमतेम ५ सें.मी. वर काम करणाऱ्या स्नायूंना त्याच्या सोळापट, म्हणजे जवळजवळ शंभर किलोंचा ताण सोसावा लागतो. आणि त्यात वाकलेल्या धडाचा भार अजून धरलेलाच नाही.

याचे परिणाम रुग्णालयांच्या नोंदींत दिसतात. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळात बर्फाच्या फावड्याशी संबंधित दुखापतींसाठी दरवर्षी सरासरी ११,५०० माणसे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आली, असा अंदाज एका पाहणीत काढण्यात आला. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांचे दुखणे कमरेचे होते. मृत्यू वर्षाला शंभराच्या आसपास, आणि ते सर्व हृदयविकाराने. मिशिगनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १० निरोगी, पण व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांना ओले, जड हिम उपसायला लावले. त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १७५ पर्यंत चढले. धावपट्टीच्या यंत्रावर पूर्ण दमछाक होईपर्यंत पळवले तेव्हा ते १७९ झाले होते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ या वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्यांना असे आढळले की, २० सें.मी. हिम पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांत हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू येण्याचा संभव सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. स्त्रियांत अशी वाढ दिसली नाही. या अभ्यासकांनी कोणाच्या हातातले फावडे पाहिले नव्हते. फक्त हिमाची आणि रुग्णांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवली होती. पण फावडे बहुधा पुरुषांच्या हाती असावे, हा त्यांचा तर्क पटण्यासारखा आहे.

असे का होते? पाय चालत असतात तेव्हा रक्त हृदयाकडे परत ढकलण्यास पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. हिम उपसताना पाय जागच्या जागी आणि हातांवर सारा भार. जोर लावताना माणूस श्वास रोखतो, त्याने रक्तदाब उसळतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्या हृदयाच्या वाहिन्यासुद्धा. वर्षभर खुर्चीत बसलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाने भल्या पहाटे हे करायचे आणि तेही पोलादी फावड्याने! मी फावड्याच्या वजनाविषयी इतका हट्ट का धरतो, ते आता कळेल.

"पण हलके फावडे मोडते, त्याचे काय?" हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर पदार्थविज्ञानातच आहे. पोलाद ॲल्युमिनियमपेक्षा ताठ असते, सुमारे तिप्पट. पण ते जडही सुमारे तिप्पट असते. आता समान वजनाचे दोन पत्रे घ्या, एक पोलादाचा आणि एक ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमचा पत्रा तिप्पट जाड होईल. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तीनचा घन सत्तावीस. त्याला पदार्थाच्या ताठपणासाठी तिनाने भागले की नऊ. म्हणजे त्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी पत्र्यापेक्षा नऊपट ताठ! विमाने लोखंडाची का बनवीत नाहीत याचे निम्मे उत्तर या भागाकारात आहे. शिवाय पत्र्याला पन्हळी पाडल्या, तर जाडी न वाढवताही तो ताठ होतो. आपल्या घरांवरचे पन्हळी पत्रे त्याचीच साक्ष देतात. वहीचा कागद हातात आडवा धरा, तो लोंबतो; त्याला चार चुण्या घाला, तोच कागद पेन पेलतो. चांगल्या फावड्याच्या पात्यावर अशा उभ्या कडा असतात, आणि हिम पात्याला कमी जागी टेकत असल्यामुळे ते सुटतेही लवकर.

ॲल्युमिनियमचा दोष असा की ते मऊ असते. काँक्रीटवर घासून त्याची कड झिजते. त्यावर उपाय म्हणून कडेला पोलादाची अरुंद पट्टी बसवतात. ही पट्टी स्क्रूने बसवलेली आहे की कायमची ठोकलेली, हे दुकानात पाहावे. स्क्रूची असली तर पाचसहा हिवाळ्यांनंतर फक्त पट्टी बदलता येते. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, तेही लक्षात असू द्या. दोन निराळे धातू आणि मधे खारे पाणी, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतला विद्युतघटच झाला. त्यात ॲल्युमिनियमचा हळूहळू क्षय होतो आणि पोलादी रिव्हेटांभोवतीची भोके रुंदावतात. हिवाळा संपल्यावर साध्या पाण्याने फावडे धुऊन कोरडे केले, तरी त्याचे आयुष्य वाढते. हे सांगायला विज्ञान कशाला, असे वाटेल. पण गॅरेजात मीठ लागलेली फावडी तशीच उभी करणारेच जास्त.

प्लास्टिकविषयी लोकांचे मत फार वाईट आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. मात्र "प्लास्टिक" असा एक पदार्थ नाही. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन या दोन भावंडांचेच पाहा. दोन्ही पाण्याहून हलकी, दोन्ही स्वस्त, दिसायलाही सारखी. पण प्रत्येक बहुवारिकाला एक असे तापमान असते की ज्याखाली त्याच्या लांब रेणूसाखळ्यांची हालचाल गोठते आणि तो काचेसारखा ठिसूळ होतो. साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत हे तापमान शून्य ते उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर पॉलिएथिलीनच्या बाबतीत ते उणे १०० अंशांच्याही खाली जाते. म्हणून उणे १५ अंशांच्या सकाळी पॉलिप्रॉपिलीनचे पाते दगडावर आदळून तडकते आणि पॉलिएथिलीनचे नुसते वाकून पूर्ववत होते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये दुसरी द्रव्ये मिसळून त्याचा हा दोष बराच कमी करता येतो. पण तशी ती मिसळली आहेत की नाही, हे पात्याकडे पाहून सांगता येत नाही.

थंडीने पदार्थाचा स्वभाव बदलतो, याची किंमत माणसाने मोठी मोजलेली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मरण पावले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी त्या दिवशीच्या थंडीत आपली लवचीकता गमावून बसली होती. चौकशी समितीपुढे रिचर्ड फाइनमन या भौतिकीतज्ज्ञाने अशा रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला, आणि बाहेर काढल्यावर तो पटकन मूळ आकारावर येत नाही हे सर्वांना दाखवले. पोलादही याला अपवाद नाही. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड बंदरात स्थिर पाण्यात उभे असलेले 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज थंडीत मोठा आवाज करून मधोमध फाटले. फावड्याचा पातळ पत्रा असा फाटेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण "लोखंड ते लोखंड" असे म्हणणाऱ्याला हे जहाज जरूर दाखवावे. ॲल्युमिनियमला मात्र थंडीत असा ठिसूळपणा येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, जो जाहिरातीत कधीच नसतो: दांडा आणि पाते यांचा सांधा. बर्फाच्या कडेखाली पाते घालून दांडा खाली दाबला की सारा ताण सांध्यावर येतो, आणि रिव्हेटाच्या भोकांच्या कडेला तो एकवटतो. बहुतेक फावडी तिथेच मोडतात. मला इथे आपल्या गावच्या लोहाराचे फावडे आठवते. त्याच्या नेढ्यात बाभळीचा दांडा ठोकून पाचर मारलेली असते. दांडा मोडला, तर शेतकरी नवा दांडा बसवतो. पाते झिजले, तर लोहाराकडे नेऊन त्याला पाणी देऊन आणतो. एकच फावडे बापाकडून मुलाकडे जाते. आजची पुष्कळशी बर्फाची फावडी अशी असतात की मूठ तुटली तरी अख्खे फावडे कचऱ्यात. त्यांच्यावर "जन्मभराची हमी" असे छापलेले असते. ती हमी कोणाच्या जन्माची, फावड्याच्या की घेणाऱ्याच्या, ते लहान टाइपात. माझ्या मते टिकाऊपणाची खरी कसोटी एकच: मोडेल काय, आणि मोडलेले बदलता येईल काय? फावड्याचा जो भाग आधी मोडणार तो स्वस्त आणि सुटा असावा.

दांडा लाकडी घ्यायचा तर रेषा सरळ, टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या असाव्यात. रेषा तिरक्या असतील तर दांडा त्या रेषेवरच फाटतो. उत्तर अमेरिकेत यासाठी ॲश वृक्षाचे लाकूड नावाजलेले. दुर्दैवाने आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि त्याने तेव्हापासून कोट्यवधी ॲश वृक्ष मारले. फावड्याच्या दांड्याचा प्रश्न असा वनस्पतिशास्त्रातही जाऊन पोचतो. धातूचा दांडा असेल, तर त्यावर फोमचे किंवा रबराचे आवरण हवे, नाहीतर तो बोटांतली उष्णता भराभर ओढून घेतो. मूठ इंग्रजी 'डी' अक्षरासारखी आणि जाड हातमोज्यासकट हात आत जाईल एवढी मोठी असावी. हातमोजा काढून कोणी बर्फ काढीत नाही, पण दुकानात मूठ उघड्या हातानेच पाहतात!

एक प्रश्न राहिला: पाते किती रुंद घ्यावे? फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने गेल्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात हाच प्रश्न हाताळला होता. कामगार एकाच फावड्याने जड लोहखनिजही उचलीत आणि हलका कोळसाही. एका खेपेला कधी ३८ पौंड तर कधी साडेतीन पौंड. दिवसभरात जास्तीत जास्त काम होते ते खेप २१ पौंडांची, म्हणजे साडेनऊ किलोंची असताना, असे त्याने आपल्या १९११ सालच्या पुस्तकात लिहिले. मग त्याने जड मालासाठी लहान आणि हलक्या मालासाठी मोठी फावडी ठेवली. टेलरचे लक्ष मालकाच्या उत्पादनावर होते आणि त्याने निवडलेले कामगार दांडगे होते. ते साडेनऊ किलो घरच्या माणसाने मनावर घेऊ नयेत. परंतु मालाप्रमाणे फावडे, हे त्याचे सूत्र मला पूर्ण पटते. ४५ सें.मी. रुंद व ३५ सें.मी. लांब पात्यावर १५ सें.मी. उंच ढीग घेतला तर सुमारे २४ लिटर हिम मावते. कोरडे असेल तर ते अडीच किलोंच्या आत, ओले असेल तर सात किलोंच्या वर. एकच भरलेले फावडे, पण आज खेळणे आणि उद्या शिक्षा.

म्हणून एका महाग, जड फावड्याच्या किमतीत दोन हलकी घ्यावीत, असा माझा सल्ला आहे. एक रुंद आणि वळणदार, उचलण्यासाठी नव्हे तर ढकलण्यासाठी. फिनलंडमध्ये 'लुमिकोला' नावाचे दोन्ही हातांनी ढकलायचे मोठे सूप असते, जपानच्या हिमप्रदेशातही तसलेच वापरतात. हिम उचलण्याऐवजी घसरत नेले की कंबर वाचते. दुसरे लहान, ॲल्युमिनियमच्या पात्याचे, ओल्या हिमासाठी. बर्फ फोडण्यासाठी मात्र पोलादच हवे, हे मान्य. त्यासाठी पोलादी पात्याची निराळी, अरुंद खुरपणी मिळते. फावड्याने बर्फ फोडू नये, जसा स्क्रूड्रायव्हरने खिळा ठोकू नये. आपल्या देशात लाहौल-स्पितीचे लोक सपाट मातीच्या छपरांवरचे हिम लाकडी फावड्यांनी काढतात. धातूच्या कडेने मातीचे छप्परच सोलून निघेल. टिकायचे कोणाला, हा प्रश्न त्यांनी किती नेमका सोडवला आहे! तिथे छप्पर टिकायला हवे.

पात्याला हिम चिकटण्याची तक्रार नेहमीची. उबदार घरातून आणलेले धातूचे पाते हिमात घातले की स्पर्श होणारे हिम वितळते, आणि पाते थंड होताच ते पाणी पुन्हा गोठून पात्याला घट्ट बसते. मग प्रत्येक खेपेला अर्धा किलो हिम पात्याबरोबर परत येते. फावडे रात्री बाहेरच, आडोशाला ठेवावे. किंवा काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे थंड होऊ द्यावे. पात्याला मेणबत्ती घासली तरी हिम सुटून पडते. दोन्ही उपाय जवळजवळ फुकटचे आहेत.

उत्पादकांनीही थोडा प्रामाणिकपणा दाखवावा. औषधाच्या बाटलीवर घटक छापतात, मग फावड्यावर का नाही? वजन किती, पाते कोणत्या बहुवारिकाचे, किती अंशांपर्यंत तपासलेले, आणि पट्टी, दांडा, मूठ यांपैकी काय सुटे मिळते, एवढ्या चार ओळी पुरेत. "अति मजबूत" या दोन शब्दांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक. शिक्षकांनाही एक विनंती आहे. तरफ, घनता, ठिसूळपणा आणि विद्युतघट हे चार धडे चार निरनिराळ्या महिन्यांत शिकवले जातात. एखादे वर्षी वर्गात एक मोडके फावडे, कुदळ किंवा छत्री आणून ठेवावी आणि ती नेमकी तिथेच का मोडली, हे मुलांना शोधू द्यावे.

पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांतला फरक तर तुम्ही घरीच पाहू शकाल. प्लास्टिकच्या टाकाऊ डब्यांच्या तळाशी त्रिकोणात एक अंक असतो. २ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दोन्हींतून सारख्या जाडीच्या, बोटाएवढ्या चारचार पट्ट्या कापा. निम्म्या रात्रभर फ्रिझरमध्ये ठेवा. घरच्या फ्रिझरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते, म्हणजे बफेलोच्या जानेवारीतल्या कडक रात्रीइतके. सकाळी एकेक पट्टी पक्कडीने धरून लगेच, झटक्यात वाकवा. हातात धरून ठेवली तर ती गरम होते आणि प्रयोग फसतो. बाहेर ठेवलेल्या पट्ट्याही तशाच वाकवा. कोणती पांढरी पडली, कोणती तडकली, कोणती नुसती वाकली, हे लिहून ठेवा. अंक ५ असलेल्या सगळ्याच पट्ट्या तडकतील असे नाही. मिसळलेल्या द्रव्यांप्रमाणे डब्याडब्यात फरक पडेल, म्हणून तीनचार प्रकारचे डबे घ्या. तुकडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा लावा आणि धाकट्या भावंडांना दूर बसवा.